प्रवाशाचें एक भिंग

(नभोवाणीवरील भाषण)

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या घरीं आदल्या रात्रीं एक ठराविक प्रसंग घडतो. सामान बांधून होतें, तिकिटें पुन्हां एकदां पाहून होतात, आणि मग कॅमेऱ्याचा प्रश्न उभा राहतो. कॅमेरा न्यावा याबद्दल दुमत नसतें. पण त्याला कोणतें भिंग लावावें, आणि एकच घ्यावयाचें असून खिसा बेताचा असेल तर कोणतें घ्यावें, याविषयीं घरांत जितकीं तोंडें तितकीं मतें निघतात. दुकानदाराला विचारावें तर तो सर्वांत महाग तें पुढें करतो. स्नेह्याला विचारावें तर तो स्वतःजवळ असेल त्याचीच शिफारस करतो. मला असें वाटतें कीं, हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहावा. कारण तो आजचा नव्हे. पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ प्रवासी छायाचित्रकार तो आपापल्या परीनें सोडवीत आले आहेत. तो सोडवितांना त्यांनीं काय टाकलें आणि काय राखलें, हें पाहिलें म्हणजे आजच्या ग्राहकालाही वाट दिसू लागते.

श्रोतेहो, पुढें जाण्यापूर्वीं दोन शब्दांचा अर्थ निश्चित करून घेऊं. आपण ज्याला कॅमेऱ्याचें भिंग म्हणतों तें सहसा एका कांचेचें नसतें. तीन, चार, सहा अशा कांचा एका नळींत ओळीनें बसविलेल्या असतात. पहिला शब्द केंद्रांतर. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागें जेवढ्या अंतरावर रेखीव उमटते, तें त्याचें केंद्रांतर. तें लहान असेल तर दृश्याचा रुंद पट्टा चित्रांत मावतो. मोठें असेल तर दूरचें जवळ येतें, पण दृश्याचा लहानसा तुकडाच हातीं लागतो. दुसरा शब्द छिद्रांक. केंद्रांतराला भिंगाच्या प्रकाशद्वाराच्या व्यासानें भागलें म्हणजे जो आकडा येतो तो छिद्रांक. हा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक. आणि आकडा निम्मा झाला कीं प्रकाश दुप्पट नव्हे, चौपट होतो. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढची सगळी कथा समजते.

१८३९ सालीं दागेर याची छायाचित्रणाची कृति पॅरिसमध्यें जाहीर झाली. त्या वेळचें भिंग दोन कांचा एकमेकींना चिकटवून केलेलें असे. दृश्य बऱ्यापैकीं रुंद येई. परंतु छिद्र फार लहान ठेवावें लागे, छिद्रांक सुमारें १५. त्यामुळें उन्हांतल्या इमारतीचें चित्र निघे, पण माणसाला कित्येक मिनिटें खांबासारखें निश्चळ बसावें लागे. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नांतील गणिताचा प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यानें आधीं कागदावर हिशेब मांडून चार कांचांचें एक नवें भिंग सिद्ध केलें. आंकडेमोडीसाठीं ऑस्ट्रियाच्या तोफखान्यांतील हिशेबनीस त्याच्या मदतीला दिले होते. या भिंगाचा छिद्रांक ३.६ होता, म्हणजे जुन्या भिंगाच्या मानानें सुमारें सोळापट प्रकाश. माणसांचीं चित्रें काढण्याचा धंदा खऱ्या अर्थानें येथें सुरू झाला.

पण या भिंगाला एक खोड होती. चित्राचा मध्य लख्ख, कडा मात्र विरघळलेल्या. चेहऱ्याला तें शोभे, डोंगराला शोभत नसे. अशा रीतीनें अगदीं आरंभींच प्रवाशापुढें तिढा उभा राहिला. प्रकाश भरपूर हवा असेल तर रुंदी आणि कडांचा रेखीवपणा सोडा. रुंदी आणि रेखीवपणा हवा असेल तर प्रकाश सोडा. हीं तिन्ही एकत्र आणावयाचीं, आणि वर तीं हलकीं व स्वस्तहि करावयाचीं, हा पुढच्या शंभर वर्षांचा उद्योग होता.

त्या काळच्या प्रवासांत भिंग हें सर्वांत लहान ओझें होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नॉटिंगहॅमच्या बँकेंतली नोकरी सोडून सॅम्युएल बोर्न १८६३ सालीं भारतांत आला आणि त्याच वर्षीं सिमल्याहून हिमालयांत शिरला. त्याच्या पहिल्याच सफरींत सुमारें तीस हमाल होते. तीस माणसें लागावीं असें काय होतें? कांचेच्या जड पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, आणि एक अंधारा तंबू. त्या वेळच्या रीतीप्रमाणें कांचेवर कोलोडियनचा चिकट थर जागच्या जागीं पसरावा लागे, आणि तो ओला आहे तोंवरच चित्र घेऊन धुवून काढावें लागे. पंधरा मिनिटांचा उशीर झाला कीं कांच वाया. अशा सरंजामासह १८६६ सालीं त्यानें १८,००० फुटांहून उंच असलेल्या मणिरंग खिंडींत छायाचित्रें घेतलीं. तेवढ्या उंचीवर पुढें पुष्कळ वर्षें कोणी तसें काम केलें नाहीं. आपल्याकडे मुंबईंत १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्यांत वावरणारे कुशल छायाचित्रकार होते. परंतु ही कला तेव्हां ज्याच्याजवळ पैसा, रसायनांचें ज्ञान आणि हाताखालीं माणसें आहेत, त्याचीच होती.

पुढें दोन बाजूंनीं सोय होत गेली. १८६६ सालीं लंडनच्या डालमायर यानें आणि म्यूनिकच्या स्टाइनहाइल यानें, एकमेकांवर विसंबून न राहतां, जवळजवळ एकच भिंग तयार केलें. दोन सारख्या जोडकांचा समोरासमोर बसवून मध्यें छिद्र ठेवावयाचें, अशी त्याची रचना. इमारतीचे खांब चित्रांत वांकडे न येतां सरळ यावे, ही प्रवाशाची मोठी गरज त्यानें भागविली. छिद्रांक सुमारें ८. म्हणजे फार प्रकाश नाहीं, पण फार थोडाही नाहीं. दुसरीकडे १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स यानें कोरड्या पट्टीची कृति सुचविली, आणि कांहीं वर्षांतच अंधारा तंबू इतिहासजमा झाला. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक नांवाची पेटी बाजारांत आणली. २५ डॉलर किंमत, शंभर चित्रांची गुंडाळी आंत भरलेली, आणि एकच पक्कें बसविलेलें भिंग. १९०० सालच्या ब्राउनी कॅमेऱ्याची किंमत तर एकच डॉलर होती, आणि त्याचें भिंग म्हणजे एक साधी वांकडी कांच.

या ठिकाणीं क्षणभर थांबण्यासारखें आहे. ब्राउनीच्या भिंगाला जाणकार हंसत, आणि हंसण्यासारखें तें होतेंही. परंतु प्रवासांतल्या छायाचित्रांचा घरोघर जो संचय झाला तो त्या हंसण्याजोग्या भिंगानें केला. ज्याला भिंग निवडावेंच लागत नाहीं तो दृश्याकडे पाहतो. हा या इतिहासाचा पहिला धडा. मात्र तो अर्धाच आहे. कारण ब्राउनीला ऊन लागे. संध्याकाळ, देवळाचा गाभारा, आगगाडीचा डबा, पावसाळी दिवस, हें सारें तिच्या कक्षेबाहेर होतें. आणि प्रवासांतल्या आठवणी कांहीं भर दुपारच्या उन्हांतच घडत नाहींत.

उरलेला अर्धा धडा कांचेच्या भट्टींतून आला. जर्मनींतील येना गांवीं अर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञाच्या प्रेरणेनें ओटो शॉट यानें निरनिराळीं द्रव्यें घालून नव्या जातींच्या कांचा ओतल्या. १८८४ सालीं त्यांचा कारखाना निघाला. पूर्वीं भिंग करणाऱ्याच्या हातीं दोनच जातींच्या कांचा असत. आतां त्याला पर्याय मिळाले. इंग्लंडांत यॉर्क येथील कुक यांच्या कारखान्यांतल्या डेनिस टेलर यानें १८९३ सालीं अवघ्या तीन कांचांचें भिंग काढलें. बाहेरच्या दोन कांचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या, मधली तो फांकविणारी, आणि तिघींमध्यें मोजून ठेवलेली मोकळी जागा. या मोकळ्या जागेनेंच चित्राच्या कडा सपाट व स्वच्छ केल्या. १९०२ सालीं येनाच्या त्साइस कारखान्यांत पॉल रुडॉल्फ यानें टेसार हें चार कांचांचें भिंग सिद्ध केलें, आणि कारखान्यानें त्याला गरुडाच्या डोळ्याची उपमा देऊन जाहिरात केली. पेट्झवालच्या वेळेपासूनचा तिढा बराचसा सुटला होता. रेखीवपणा आणि रुंदी तीन-चार कांचांत मिळूं लागली; राहिला प्रश्न ओझ्याचा.

तो सोडविला एका दमेकरी माणसानें. ऑस्कर बार्नाक हा पूर्वीं येनाला होता; १९११ सालीं तो वेट्झलार येथील लाइट्स यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यांत आला. त्याला रानांतून भटकण्याचा आणि छायाचित्रें घेण्याचा नाद. पण मोठ्या पट्ट्यांचा कॅमेरा घेऊन चढण चढतांना त्याचा श्वास पुरत नसे. त्याच्या मनांत असें आलें कीं, चित्र मूळ लहान घ्यावें आणि मागाहून मोठें करावें. त्यानें चलच्चित्रपटाची फीत घेतली, तिच्यावरील चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ गुणिलें ३६ मिलिमीटर, एवढें चित्राचें माप ठरविलें, आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशांत मावेल असा कॅमेरा स्वतःच्या हातांनीं घडविला. मध्यें महायुद्ध आलें, जर्मनींत चलनाचा विध्वंस झाला. अखेर १९२४ सालीं धाकट्या अर्न्स्ट लाइट्स यांनीं हा कॅमेरा काढण्याचा निर्णय घेतला, आणि १९२५ च्या लाइप्झिगच्या जत्रेंत लायका या नांवानें तो लोकांपुढें आला.

त्या लायकाला एकच भिंग होतें आणि तें काढतां येत नसे. माक्स बेरेक यानें त्याची रचना केली होती. लवकरच तें एल्मार या नांवानें प्रसिद्ध झालें. चार कांचा, छिद्रांक ३.५, केंद्रांतर ५० मिलिमीटर. हा पन्नासाचा आकडा आज इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो निसर्गानें ठरविला असावा असें वाटतें. वास्तविक २४ गुणिलें ३६ च्या चौकटीचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर भरतो, आणि केंद्रांतर जेव्हां कर्णाच्या आसपास असतें तेव्हां चित्रांतील जवळच्या व दूरच्या वस्तूंचें प्रमाण आपल्या डोळ्यांना स्वाभाविक भासतें. कर्णाहून किंचित मोठें केंद्रांतर घेतलें तर कडा स्वच्छ ठेवणें सोपें जातें. पन्नासाचें भिंग कर्णाच्या दोन टोकांमध्यें सुमारें ४७ अंशांचें दृश्य टिपतें. एखादी खोली सबंध दाखवावी एवढें तें रुंद नाहीं, आणि दूरचें शिखर ओढून आणावें एवढें लांबही नाहीं. समोर बसलेल्या माणसाशीं आपण बोलूं लागलों म्हणजे जेवढें जग आपल्या लक्षांत असतें, साधारण तेवढें तें दाखवितें. १९३० सालीं लायकाचीं भिंगें बदलतां येऊं लागलीं, रुंद आणि लांब दोन्ही प्रकारचीं मिळूं लागलीं. तरी पुष्कळांनीं पन्नासाचें भिंग काढलेंच नाहीं.

त्यांपैकीं एक होता हांरि कार्तिए-ब्रेसों. हा फ्रेंच तरुण १९३२ च्या सुमारास मार्सेय येथें लायका घेऊन रस्त्यांवरून हिंडूं लागला. पुढें स्पेन, मेक्सिको, भारत, चीन असे देश त्यानें पायीं घातले. कॅमेऱ्याचे चकचकीत भाग तो काळ्या पट्टीनें झांकी, म्हणजे लोकांचें लक्ष तिकडे जाऊं नये. क्वचित प्रसंगीं तो दुसरें भिंग लावी. पण त्याचें जन्मभराचें साधन पन्नासाचें भिंग हेंच होतें. १९४७ सालीं तो भारतांत आला. ३० जानेवारी १९४८ रोजीं तो दिल्लींत महात्मा गांधींना भेटला, आपल्या चित्रांचें पुस्तक त्यांना दाखविलें, आणि तेथून निघाल्यावर थोड्याच वेळांत गांधीजींची हत्या झाली. त्या रात्रीचीं आणि दुसऱ्या दिवशींच्या अंत्ययात्रेचीं त्याचीं चित्रें जगभर गेलीं. अशा वेळीं माणसाजवळ भिंगांची पेटी असून काय उपयोग? कोणतें लावावें हें ठरवीपर्यंत प्रसंग निघून जातो. ज्याचें साधन एकच असतें त्याला कोठें उभें राहावें एवढेंच ठरवावें लागतें; आणि वर्षानुवर्षें तेंच साधन हातीं असलें म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वींच चित्राची चौकट त्याला दिसूं लागते. हा या इतिहासाचा दुसरा धडा.

आतां स्वस्ताईची गोष्ट. पॉल रुडॉल्फ यानें टेसारच्याही आधीं, १८९६ सालीं, प्लानार नांवाचें सहा कांचांचें भिंग काढलें होतें. छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे असे कांचांचे दोन गट, ही त्याची रचना. तें गुणानें टेसारहून सरस होतें, आणि त्याला छिद्र मोठें ठेवतां येई. तरी तें मागें पडलें. कारण कांचेच्या ज्या ज्या पृष्ठाला हवा लागते तेथें शेंकडा चार-पांच प्रकाश परावृत्त होतो. प्लानारला असलीं आठ पृष्ठें. हिशेब केला तर प्रकाशाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग वाटेंतच गळतो. आणि गळतो तो निमूटपणें जात नाहीं, आंतल्या आंत भटकून चित्रावर धुकें पसरवितो. पुढें त्साइस कारखान्यांतल्या अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं कांचेवर अत्यंत पातळ लेप चढविण्याची युक्ति काढली. केसाहून कितीतरी पातळ असा तो थर परावर्तन बऱ्याच अंशीं मारून टाकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हा लेप सर्वत्र रूढ झाला, आणि पुष्कळ वर्षें मागें पडलेली प्लानारची रचना एकाएकीं सर्वांना हवीशी झाली. शहाणी कल्पना असून भागत नाहीं. तिला साहाय्यभूत होणारी दुसरी कल्पना यावी लागते, हें येथें फार चांगलें दिसतें.

त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली. १९५० नंतर ज्यांत आरसा असतो असे कॅमेरे पुढें आले. १९५९ सालचा निकॉन एफ हा त्यांतला विशेष नांवाजलेला. आरसा वरखालीं होण्यासाठीं भिंग आणि फीत यांमध्यें बरीच जागा मोकळी ठेवावी लागते. भिंगाच्या बैठकीपासून फितीपर्यंत सुमारें ४४ ते ४६ मिलिमीटर. त्यामुळें २८ किंवा ३५ केंद्रांतराचें रुंद भिंग करावयाचें तर त्याची प्रतिमा ओढून मागें न्यावी लागे. फ्रान्समधील पिएर आंजेनिय यानें १९५० सालीं ती करामत करून दाखविली, पण तिला कांचा जास्त लागत आणि खर्चही जास्त येई. पन्नासाच्या भिंगाला असली कसरत करावी लागत नव्हती. जुनी रचना, सहा साध्या कांचा, आणि हवी तेवढी जागा. म्हणून तें सर्वांत स्वस्त राहिलें. रशियांत युद्धपूर्व जर्मन बायोटारच्या धर्तीवर केलेलें हेलिओस हें ५८ मिलिमीटरांचें भिंग लाखोंच्या संख्येनें निघालें. कॅनन कंपनीनें १९९० सालीं आपल्या ५० मिलिमीटर, छिद्रांक १.८, या भिंगाची नळी व बैठकसुद्धां प्लास्टिकची केली आणि त्याचें वजन १३० ग्रॅमांवर आणलें. आंतल्या कांचा मात्र त्याच सहा. तेव्हां आज बाजारांत जें सर्वांत स्वस्त भिंग दिसतें तें हलक्या प्रतीचें म्हणून स्वस्त नाहीं. त्याच्यामागचा शोध आणि आंकडेमोड यांचें ऋण मागच्या पिढ्यांनीं फेडून टाकलें आहे, म्हणून तें स्वस्त आहे. बापजाद्यांनीं बांधलेल्या विहिरीचें पाणी आपल्याला फुकट मिळतें, त्यांतलाच हा प्रकार.

याच्या उलट बाजूला केंद्रांतर बदलणारें भिंग उभें आहे. १९५९ सालीं फोइग्टलेंडर यांनीं ३६ पासून ८२ पर्यंत केंद्रांतर फिरवितां येणारें झूमार हें भिंग अशा कॅमेऱ्यांसाठीं काढलें, आणि आज नव्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा असलेंच एखादें भिंग मिळतें. त्याची सोय मी नाकारीत नाहीं. जेथें मागें सरकावयाला जागा नाहीं आणि पुढें जावयाला वाट नाहीं, तेथें तें खरें मित्र. परंतु त्याच्या स्वस्त जातीचा छिद्रांक लांबच्या टोकाला ५.६ असतो. १.८ च्या भिंगांतून त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश येतो. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत कॅमेऱ्याचा दिवा चमकविण्याला मनाई आहे, आणि ती अगदीं रास्त आहे. तेथें बोधिसत्वाच्या चेहऱ्यासमोर उभें राहिल्यावर त्या दहापटीची किंमत कळते. एकाचें चित्र हातांत हात धरून येतें, दुसऱ्याचें हलून पुसट होतें.

मग आजच्या प्रवाशानें नेमकें काय घ्यावें? येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पन्नासाचा महिमा २४ गुणिलें ३६ च्या चौकटीला बांधलेला आहे. आजच्या पुष्कळ माफक किंमतीच्या कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा पडदा त्याहून लहान, सुमारें १६ गुणिलें २४ मिलिमीटरांचा असतो. त्याच्यावर पन्नासाचें भिंग लावलें तर तें पंच्याहत्तर-ऐंशींसारखें वागतें. चेहऱ्याला उत्तम, पण गल्लींत आणि घरांत पंचाईत करणारें. पुष्कळ जण पन्नासाची ख्याति ऐकून तें घेतात, आणि मग मागें सरकतां सरकतां भिंतीला पाठ टेकते तेव्हां कपाळाला हात लावतात. लहान पडद्याच्या कॅमेऱ्याला पन्नासाची जागा ३५ चें भिंग घेतें. निकॉन कंपनीनें २००९ सालीं याच हेतूनें ३५ मिलिमीटर, छिद्रांक १.८, असें २०० ग्रॅमांचें भिंग काढलें. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत मागची मोकळी जागा १६ ते २० मिलिमीटर एवढीच उरली आहे. त्यामुळें रुंद भिंगें लहान करणें पुन्हां सुकर झालें आहे. बार्नाकच्या लायकालाही आरसा नव्हता, हें लक्षांत घेतलें म्हणजे चक्र फिरून कोठें आलें तें कळेल.

माझा सल्ला असा. पडदा मोठा असेल तर ५०, लहान असेल तर ३५; छिद्रांक १.८ किंवा २. १.४ चा मोह धरूं नये. १.८ च्या मानानें त्यानें प्रकाश दुप्पटही होत नाहीं, वजन आणि किंमत मात्र पुष्कळ चढते. ज्याला वाडे, देवळांचे सभामंडप आणि अरुंद गल्ल्या यांचीच आवड असेल त्यानें एक पायरी रुंद जावें. म्हणजे मोठ्या पडद्यावर ३५, लहानावर २४. ज्याला पक्षी किंवा दूरचीं शिखरें हवीं त्यानें माझें ऐकूं नये. त्याचें काम या भिंगानें होणार नाहीं. खिशांतल्या फोनचें मुख्य भिंग बहुधा जुन्या चौकटीच्या हिशेबानें २४ ते २८ च्या रुंदीचें असतें. तेव्हां मोठ्या देखाव्यासाठीं तें जवळ आहेच. आणि शंका उरलीच तर पैसे देण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा करावी. आजचा कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर त्याचें केंद्रांतर नोंदवून ठेवतो. आपलीं जीं वीस-पंचवीस चित्रें आपल्याला खरोखर आवडतात, तेवढीं काढून त्यांचीं केंद्रांतरें कागदावर मांडावीं. बहुतेकांना आपल्या नजरेचें घर कोठें आहे तें तेथेंच सांपडतें.

मींही ही परीक्षा करून पाहिली. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही सहकुटुंब उत्तरेकडे गेलों होतों. माझ्याजवळ दोन झूम भिंगें होतीं, आणि हिमशिखरांचीं दीडदोनशें चित्रें मीं घेतलीं. परतीच्या दिवशीं एका धर्मशाळेच्या पायरीवर माझे वडील चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते. ऊन मावळलें होतें. मुलाच्या कॅमेऱ्याला एक जुनें, स्वस्त, पन्नासाचें भिंग होतें. तो मागून घेऊन मीं त्यांच्यापासून चार हातांवर बसलों. त्यांनीं मान वर केली, कांहीं तरी विचारलें, आणि मीं उत्तर देतां देतां बटण दाबलें. वडील आतां नाहींत. शिखरांचीं चित्रें कोणी मागत नाहीं. तसलीं, आणि त्यांहून चांगलीं, कोणालाही मिळतात. बहिणीनें, काकूनें, चुलतभावांनीं मागून घेतलें तें एकच चित्र. तें चांगलें आलें यांत माझें कौशल्य फारसें नव्हतें. त्या भिंगाला दूरून कांहीं दिसत नव्हतें, म्हणून मला जवळ जाऊन बसावें लागलें, एवढेंच.

बोर्नला तीस माणसांच्या खांद्यांवरून जें न्यावें लागे तें आज तळहातावर मावतें. शंभर वर्षांच्या कारागिरांनीं, गणित्यांनीं आणि एका धापा टाकणाऱ्या यंत्रकारानें हें ओझें आपल्यासाठीं उतरवून ठेवलें आहे. तें पुन्हां पेटी भरून पाठीवर घेण्याची कोणाला हौस असेल तर त्याला अडवावें असें नाहीं. पण बेताच्या मिळकतीच्या माणसानें एकच साधें भिंग घेतलें म्हणून त्यानें कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. उरलेल्या पैशांत आणखी एका गांवाचें तिकीट निघेल. आणि त्या गांवीं, जें भिंगाला दूरून दिसत नाहीं तें, चार पावलें पुढें गेल्यावर दिसेल.